आइस हॉकीतली मारामारी: पाच मिनिटांची शिक्षा ही शिक्षा आहे का?

निळी_रेषा (शनिवार, रात्री ९.४०)

१५ फेब्रुवारी २०२५ ची कॅनडा-अमेरिका मॅच बऱ्याच जणांनी पाहिली असेल, निदान तिची क्लिप तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर आलीच असेल. मॉन्ट्रियलचं बेल सेंटर, फोर नेशन्स फेस-ऑफ स्पर्धा, आणि घड्याळात नऊ सेकंद भरायच्या आत तीन मारामाऱ्या. आधी मॅथ्यू कचक आणि ब्रँडन हेगल, मग त्याचा भाऊ ब्रेडी कचक आणि सॅम बेनेट, मग जे. टी. मिलर आणि कोल्टन परेको. अमेरिकेच्या तिघांचं आधीच ग्रुप चॅटवर ठरलं होतं, हे नंतर त्यांच्याच बोलण्यातून बाहेर आलं.

सहाही जण पाच-पाच मिनिटं शिक्षेच्या पेटीत (पेनल्टी बॉक्स) जाऊन बसले. दोन्ही बाजूंचे सारखेच गेल्यामुळे बर्फावर पाच विरुद्ध पाच कायम. संघांना झळ किती बसली? शून्य.

जुने जाणकार सांगतात की मारामारीची भीती असते म्हणूनच स्टार खेळाडू सुरक्षित राहतात. खेळाडूंचा आपसातला 'कोड', म्हणजे अलिखित नियम, पंचांपेक्षा चोख काम करतो. मला हे पटत नाही. एनएचएलने (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) जिथे शिक्षा जबर आणि आपोआप लागू होणारी ठेवली तिथे ते प्रकार संपले, आणि जिथे हात आखडता घेतला तिथेच या कोडची जातपंचायत भरत राहिली.

दोन्ही बाजूंनी उदाहरणं येऊ द्या. 'मी पहिल्यांदा स्केट बांधले तेव्हा' छाप आठवणींसाठी वेगळा धागा आहे, त्या तिकडे.

खुसपटराव (९.५२)

शीर्षकातला 'आइस' वाचायचा राहिला, म्हटलं अझलन शाहला (मैदानी हॉकीची स्पर्धा) परत राडा झाला की काय. बसतो शेवटच्या बाकावर, चालू द्या.

लाइन्समन_७७ (१०.२५)

आधी नियम मांडतो, नाहीतर अर्धे प्रतिसाद हवेत जातील.

एनएचएलचा नियम ४६ म्हणजे मारामारी. साधी शिक्षा मेजर, पाच मिनिटं. दोघांना लागली तर वळती होते आणि दोन्ही संघ त्यांच्या जागी दुसरे खेळाडू उतरवतात. पण 'हा मुद्दाम उकरून काढायला आला' असं पंचांना वाटलं तर तो इन्स्टिगेटर. त्याला २ + ५ + १०, एकूण सतरा मिनिटं, आणि त्यातल्या दोन मिनिटांसाठी संघ एकाने कमी. पंच बघतात ते असं: कोण किती लांबून चालून आला, हातमोजे आधी कुणी टाकले, पहिला ठोसा कुणाचा, धमकी किंवा शिवीगाळ झाली का, आणि आधीच्या प्रसंगाचा, अगदी आधीच्या मॅचमधल्या प्रसंगाचासुद्धा, वचपा काढला जातोय का. या नियमाला धार आली ती १९९२-९३ च्या मोसमापासून.

सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत किंवा ओव्हरटाइममध्ये कुणी इन्स्टिगेटर ठरला तर तो मॅचबाहेर, पुढची एक मॅच बंदी आणि त्याच्या कोचला १०,००० डॉलर दंड. हरलेल्या मॅचच्या शेवटी गुंड उतरवायची जुनी खोड मोडायला हे कलम आणलं.

चालू मारामारीत तिसरा घुसला तर तो मॅचबाहेर, हे १९७१ पासून. एक जोडी भिडलेली असताना बाजूला दुसरी जोडी जुंपली तर त्या दुसऱ्या जोडीलाही बाहेरचा रस्ता. ३ एप्रिल २०२४ ला रेंजर्स-डेव्हिल्स मॅचमध्ये पहिला पक (खेळायची रबरी चकती) पडताच दहाच्या दहा जण भिडले. बाहेर गेले आठ. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ते मॅट रेम्पी आणि कर्टिस मॅकडर्मिड मात्र पाच मिनिटं बसून परत खेळले, कारण मूळ जोडी त्यांची होती.

आणि नियम ७०. मारामारीसाठी बाक सोडून बर्फावर येणारा पहिला खेळाडू: दहा मॅच बंदी, बिनपगारी. त्याच संघाचा दुसरा आला तर त्याला पाच.

टोरांटो_नाका (१०.५८)

नियम बरोबर, निष्कर्ष घाईचा. वेन ग्रेट्झ्कीसारखा स्टार एडमंटनला इतकी वर्षं हाडं शाबूत ठेवून खेळला तो काही पंचांच्या कृपेने नाही. आधी डेव्ह सेमेन्को, मग मार्टी मॅकसोर्ली हे त्याच्या आसपास असायचे. १९८८ मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला तेव्हा त्याच सौद्यात मॅकसोर्लीही गेला. संघमालक उगाच पैसे फेकत नाहीत.

इन्स्टिगेटर नियम आल्यावर फावलं ते उंदरांचं. मागून ढकलायचं, गुडघा घालायचा, काठीने घोट्यावर मारायचं, आणि कुणी जाब विचारायला आलं की हात खाली ठेवून पंचाकडे बघायचं. समोरच्याला सतरा मिनिटं, याच्या संघाला पॉवर प्ले, म्हणजे समोर एक खेळाडू कमी. पूर्वी असल्याला पुढच्या शिफ्टमध्ये (बर्फावरच्या पाळीत) जबाब द्यावा लागायचा.

पुणेरी_पक (११.१०)

ग्रेट्झ्कीच्या रखवालदाराचं नाव आपणच काढलंत हे बरं केलंत. हाच मॅकसोर्ली २१ फेब्रुवारी २००० ला व्हँकूवरमध्ये मॅचच्या शेवटच्या सेकंदांत डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यात मागून काठी घालता झाला. त्याच मॅचमध्ये आधी दोघांची रीतसर मारामारी होऊन गेली होती. म्हणजे कोडप्रमाणे हिशोब चुकता. तरीही ब्रॅशियर परत भिडत नाही म्हणून याचा पापड मोडला. लीगने वर्षभर बाहेर बसवलं, कोर्टाने हत्याराने हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं, आणि एनएचएलमध्ये तो पुन्हा खेळला नाही.

मावळचा_गोलकीपर (११.३४)

कोडचं सगळ्यात वाईट उदाहरण अजून कुणी टाकलं नाही. क्रमाने लिहितो, कारण यात क्रमच महत्त्वाचा आहे.

१६ फेब्रुवारी २००४. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचचा स्टीव्ह मूर हा चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी खेळणाऱ्या फळीतला नवखा खेळाडू व्हँकूवर कनक्सचा कप्तान मार्कस नॅसलुंड याला पकामागे वाकलेला असताना धडकतो. नॅसलुंड जखमी. पंचांनी पेनल्टी दिली नाही, लीगनेही बंदी घातली नाही. व्हँकूवरच्या ड्रेसिंग रूममध्ये हिशोबाची वही उघडली ती इथे.

८ मार्च, पुन्हा हेच दोन संघ. पहिल्या सत्रात व्हँकूवरचा मॅट कुक मूरला आव्हान देतो, मूर हातमोजे टाकतो, मारामारी होते. कोडच्या पोथीत इथे विषय संपायला हवा. पण मॅच एकतर्फी झाली होती. तिसऱ्या सत्रात स्कोअर ८-२ असताना टॉड बर्टुझी मूरच्या मागे मागे फिरतो, डिवचतो, मूर वळत नाही. मग बर्टुझी मागून त्याची जर्सी धरून डोक्यावर ठोसा मारतो आणि अंगाचा भार टाकून त्याला बर्फावर तोंडावर पाडतो. वर आणखी खेळाडू कोसळतात. मूरच्या मानेचे तीन मणके फ्रॅक्चर, मेंदूला मार. तो परत कधी खेळला नाही.

बर्टुझीच्या नियमित मोसमातल्या १३ आणि प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) ७ अशा वीस मॅच गेल्या, पगाराचे पाच लाख डॉलर बुडाले, कनक्सना अडीच लाख डॉलर दंड. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. एक वर्ष प्रोबेशन आणि ८० तास समाजसेवा. दिवाणी दावा मिटायला २०१४ उजाडलं.

नॅसलुंडवरच्या त्या धडकेला लीगने तेव्हाच दोन-तीन मॅचची बंदी घातली असती तर ८ मार्च घडला असता का? कोण सांगणार. पण वही उघडायला निमित्त उरलं नसतं, एवढं नक्की.

खुसपटराव (११.४१)

चौथ्या फळीतल्याने कप्तानाला धडक दिली म्हणून हे सगळं? मुळात गुन्हा धडकेचा की पायरी सोडल्याचा?

मावळचा_गोलकीपर (११.४६)

@खुसपटराव, दोन्ही. कोडमध्ये पायरी असतेच. स्टारने स्टारला मारलं तर खेळाचा भाग, कालच्या पोराने मारलं तर माज.

डेट्रॉईटचा_बाप्पा (रविवार, सकाळी ७.१५)

वैराबद्दल कुणी नीट लिहित नाहीये. वैर हाणामारीतून उगवत नाही, ते वेळापत्रकातून उगवतं.

डेट्रॉईट रेड विंग्ज-कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच घ्या. २९ मे १९९६, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची सहावी मॅच. अ‍ॅव्हलांचच्या क्लॉड लेमिउने डेट्रॉईटच्या क्रिस ड्रेपरला मागून बोर्डवर (कडेच्या कठड्यावर) आपटलं. जबडा, नाक आणि गालाचं हाड मोडलं. लेमिउला बंदी किती? दोन मॅच.

२६ मार्च १९९७, डेट्रॉईटचा जो लुई अरेना. सुरुवात इगोर लारियोनोव आणि पीटर फोर्सबर्गच्या झटापटीने झाली, म्हणजे दोन्हीकडच्या सर्वांत सभ्य माणसांनी. तो गोंधळ चालू असताना डेट्रॉईटच्या डॅरेन मॅकार्टीने लेमिउला गाठलं. लेमिउ गुडघ्यावर बसून डोकं हातांत लपवून राहिला. अ‍ॅव्हलांचचा गोलकीपर पॅट्रिक रुआ गोल सोडून धावला, मधे डेट्रॉईटच्या ब्रेंडन शॅनहनशी टक्कर, मग माइक व्हर्ननशी गोलकीपर-गोलकीपर मारामारी.

मॅकार्टीला त्या हल्ल्यासाठी पंचांनी रफिंगचे (धक्काबुक्की) डबल मायनर दिले, चार मिनिटं. मेजर नाही, मॅचबाहेर नाही. त्यामुळे तो ओव्हरटाइमला हजर होता, आणि ६-५ चा विजयी गोल त्यानेच मारला. त्यानंतर डेट्रॉईटने ९७ आणि ९८ चे स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) घेतले. आमच्याकडे त्या रात्रीची अजून आरती होते.

आता वेळापत्रक. १९९६ ते २००२ या सात वर्षांत हे दोन संघ प्लेऑफमध्ये पाच वेळा समोर आले. प्लेऑफ म्हणजे सातपर्यंत मॅच, एकाआड एक दिवस, तोच माणूस, तोच कोपरा. आग विझायला वेळच नाही. २०१३ मध्ये डेट्रॉईटला ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये हलवलं, तेव्हापासून वर्षाला दोन मॅच. वैर कुणी मिटवलं नाही, ते उपाशी मेलं.

कॅलगरी-एडमंटनचंही तेच. ऐंशीच्या दशकात नियमित मोसमात आठ मॅच आणि वर प्लेऑफ. हल्ली तीन-चार मॅच होतात, त्यात २०२० सारखं एखादं वर्ष निघतं: जानेवारीत झॅक कॅसियनने मॅथ्यू कचकला बदडून दोन मॅचची बंदी घेतली आणि १ फेब्रुवारीला माइक स्मिथ आणि कॅम टॅलबट हे गोलकीपर एकमेकांवर धावले.

निळी_रेषा (७.५०)

बाप्पा, वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, पण तुमच्याच गोष्टीत लेमिउला दोन मॅच आणि मॅकार्टीला चार मिनिटं आहेत. ढिली शिक्षा दोन्ही टोकांना.

लेमिउ आलाच आहे तर १४ मे १९८७ सुद्धा टाकते. लेमिउ तेव्हा मॉन्ट्रियलकडे होता. मॉन्ट्रियलला फिलाडेल्फिया फ्लायर्सविरुद्ध प्लेऑफची मॅच सुरू व्हायच्या आधीचा सराव. सराव संपल्यावर समोरच्यांच्या रिकाम्या जाळ्यात पक मारून जायची लेमिउला सवय होती, शुभशकुन म्हणून. फ्लायर्सना ते खुपत होतं. त्या दिवशी लेमिउ आणि शेन कॉर्सन सगळे आत जाईपर्यंत थांबले आणि पक मारला. फ्लायर्सच्या एड हॉस्पोडारने लेमिउला धरून बदडायला सुरुवात केली. दोन्ही ड्रेसिंग रूम रिकाम्या झाल्या, काही जण अर्धवट कपड्यांत आले. सोडवायला एकही पंच बर्फावर नव्हता, कारण मॅच सुरूच झाली नव्हती.

त्यानंतर बाक सोडण्याविरुद्धचा नियम कडक झाला, तोच वर लाइन्समननी सांगितलेला दहा मॅचचा. सत्तरच्या दशकात अख्खे संघ उतरून होणारे दंगे त्यानंतर जवळपास नामशेष झाले. खेळाडूंचा स्वभाव बदलला का? अजिबात नाही. २०२४ ला दहा जण भिडले तेव्हाही बाकावरचे सगळे कठड्याला लटकून नुसते ओरडत होते.

टोरांटो_नाका (८.३०)

बाक सोडणं आणि दोघांनी समजून भिडणं यात फरक आहे. दुसऱ्याला तेवढीच शिक्षा लावली तर काठ्या चालतील.

कॅल्क्युलेटर (९.०५)

काठ्या चालतील हे भाकीत बरीच वर्षं ऐकतोय. आकडे बघा. २००८-०९ च्या १२३० मॅचमध्ये सातशेहून जास्त मारामाऱ्या झाल्या होत्या. दहा वर्षांनी १२७१ मॅचच्या मोसमात अडीचशेच्या आत. या काळात काठ्यांची लढाई सुरू झाली नाही.

कमी होण्याचं कारण नीतिमत्ता नाही, जागेचं भाडं आहे. मॅचच्या दिवशी १८ स्केटर आणि २ गोलकीपर. बारा फॉरवर्ड, चार फळ्या. २००५ ला पगाराची कमाल मर्यादा आली, दोन रेषा ओलांडणारा पास खुला झाला, खेळ वेगवान झाला. पाच मिनिटं खेळून ठोसे मारणाऱ्यावर एक जागा आणि पगार अडकवणं परवडेना. चौथ्या फळीलाही पकामागे पळावं लागतं.

इन्स्टिगेटरचा हिशोबही करून टाकू. पॉवर प्लेवर गोल होण्याचं प्रमाण साधारण पाचात एक. म्हणजे उकरून काढायची किंमत संघाला सरासरी ०.२ गोल. शिवाय तो खेळाडू सतरा मिनिटं गायब. रोज सात मिनिटं खेळणारा असेल तर गायब झाल्याचं कळतही नाही. पंचवीस मिनिटं खेळणारा डिफेन्समन असेल तर कोच डोक्याला हात लावतो. म्हणून दुबळा संघ आपल्या चौथ्या फळीतल्याला समोरच्या स्टारला चिथवायला पाठवतो. दोघेही पाच मिनिटं पेटीत, म्हणजे प्यादं देऊन वजीर घेतला.

हाडवैद्य (१०.२०)

वैद्यकीय बाजू. ठोशाने समोरच्याचं जेवढं मोडतं तेवढंच मारणाऱ्याचंही. हेल्मेट किंवा व्हायजरवर मूठ बसली की करंगळी-अनामिकेच्या मागची हाडं मानेशी मोडतात. त्याहून फसवी जखम म्हणजे समोरच्याचा दात लागून बोटाच्या सांध्यावर झालेली चीर. दिसते अर्ध्या सेंटिमीटरची, पण मूठ उघडली की कातडी सरकते आणि तोंडातले जंतू सांध्यात बंद होतात. नीट धुऊन अँटिबायोटिक सुरू केलं नाही तर सांधा सडतो. टाके घालून बंद करणं हीच त्यातली चूक.

डोक्याला खरा धोका ठोशापेक्षा पडण्याचा. दोघेही पात्यांवर उभे, एकमेकांना ओढतायत, तोल गेला की हेल्मेट नसलेलं डोकं सरळ बर्फावर. डिसेंबर २००८ मध्ये कॅनडातल्या एका वरिष्ठ हौशी लीगमध्ये डॉन सँडरसन हा २१ वर्षांचा खेळाडू असाच पडला आणि काही आठवड्यांनी गेला. १ ऑक्टोबर २०१३ ला मॉन्ट्रियलचा जॉर्ज पॅरोस कोल्टन ऑरशी भिडताना तोंडावर आदळला आणि स्ट्रेचरवरून गेला.

आणि दीर्घकाळचं नुकसान. डेरेक बूगार्ड १३ मे २०११ ला वयाच्या २८ व्या वर्षी गेला. दारू आणि वेदनाशामक गोळ्या हे कारण, पण बोस्टन विद्यापीठाने मेंदू तपासला तेव्हा त्यात सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. ४५ व्या वर्षी गेलेल्या बॉब प्रोबर्टच्या मेंदूतही. दुवा सिद्ध झालेला नाही, अशी लीगची भूमिका आहे. २०१८ मध्ये माजी खेळाडूंशी १ कोटी ८९ लाख डॉलरला तडजोड झाली, तीही जबाबदारी मान्य न करता.

लाइन्समन_७७ (११.००)

हेल्मेटचा विषय निघालाय म्हणून. २०१३-१४ पासून मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढलं की जादा दोन मिनिटं. त्याच मोसमाच्या सराव मॅचमध्ये क्रिस बार्च आणि ब्रेट गॅलंट यांनी पळवाट काढली: एकमेकांसमोर उभे राहून अदबीने एकमेकांची हेल्मेट काढली, आणि मग ठोसे. नियमात फक्त 'स्वतःचं' लिहिलं होतं.

प्रत्यक्ष मारामारीत काय चालतं तेही सांगतो. बर्फावर पाय रोवता येत नाहीत, म्हणून ताकद कमरेतून येत नाही, ओढण्यातून येते. उजव्या हाताने मारणारा डाव्या हाताने समोरच्याची जर्सी उजव्या खांद्यापाशी किंवा कोपराच्या वर मुठीत धरतो. हाताचा सांधा आपल्या मुठीत आला की त्याचा ठोसा येतच नाही. मग ओढायचं आणि येणाऱ्या तोंडावर मारायचं. दोघांनीही हे केलं की तीस सेकंद गोल गोल फिरणं होतं, प्रेक्षक शिट्ट्या मारतात. डावखुरा समोर आला की सगळी पकड उलटी करावी लागते, म्हणून डावखुऱ्यांना सगळे टरकून असतात.

जर्सी डोक्यावरून ओढली तर माणूस आंधळा होतो. यावरचा उपाय म्हणजे फाइट स्ट्रॅप, जर्सीच्या पाठीमागे आतून शिवलेला पट्टा, तो पँटला अडकवून बंद करायचा. बफेलोचा रॉब रे अंगातून जर्सी आणि पॅडही सुटतील अशी सोय ठेवायचा, मग समोरच्याच्या मुठीत धरायला काहीच नाही. आता पट्टा न लावता जर्सी अंगावरून पूर्ण निघाली तर मॅचबाहेर.

लाइन्समन, म्हणजे मदतनीस पंच, लगेच मध्ये पडत नाहीत. आधी पायात येतील अशा काठ्या आणि हातमोजे बाजूला सारतात, दोन बाजूंनी उभे राहतात. कुणी खाली पडला, दमला किंवा हात अडकून असहाय झाला की दोघे एकाच वेळी आत जातात, प्रत्येकाने एकेक धरायचा. एकट्याने जाऊन एकालाच धरलं तर दुसरा त्याला फुकट बडवतो. रेफरी लांब राहून नंबर टिपतात.

खुसपटराव (११.०८)

'अदबीने एकमेकांची हेल्मेट काढली.' इथे लग्नातली विहिणींची भेट आठवली. दंडवत.

नागपुरी_संत्री (११.३०)

थोडं अवांतर. ठोसे न मारता छळणाऱ्यांचं काय? एप्रिल २००८ मध्ये रेंजर्सचा शॉन एव्हरी गोलकीपर मार्टिन ब्रोडरच्या तोंडासमोर, पकाकडे पाठ करून, काठी आणि हात हलवत नाचत राहिला. नियमात काहीच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी लीगने फर्मान काढलं की यापुढे हे खिलाडूवृत्तीविरुद्ध वर्तन, दोन मिनिटं. २०१८ च्या प्लेऑफमध्ये ब्रॅड मार्चंडने आधी लिओ कोमारोव आणि मग रायन कॅलाहन यांचं तोंड चाटलं. दुसऱ्यांदा लीगने ताकीद दिली: पुन्हा केलंस तर शिक्षा. मग चाटणं बंद.

पुणेरी_पक (११.३६)

चाटायला पहिली वेळ माफ, नाचायला माफ नाही. कलेची कदर नाही हेच खरं.

उत्तरेचा_यात्री (दुपारी १२.१५)

अवांतरात भर: आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत मारामारी केली की मॅचबाहेर, वळतीबिळती नाही. २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ मिळवलं, संघात बहुतेक मुली लडाखच्या, त्या याच नियमांत खेळतात. ऑलिंपिकमध्ये एनएचएलचे खेळाडू उतरतात तेव्हाही तिथे हातमोजे क्वचितच पडतात. वैर तर तिथे जास्त असतं.

टोरांटो_नाका (१२.४०)

ऑलिंपिक दोन आठवड्यांचं असतं. ८२ मॅचच्या मोसमात साठवण होते, तिला बाहेर पडायला वाट हवी असते. ३ मे २०२१ आठवा. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने खाली पडलेल्या न्यूयॉर्क रेंजर्सच्या पावेल बुचनेविचला ठोसा मारला आणि लगेच आर्तेमी पॅनारिनला बर्फावर आपटलं. पॅनारिनच्या उरलेल्या तिन्ही मॅच गेल्या. विल्सनला दंड किती? ५,००० डॉलर. वर्षाला पन्नास लाखांहून जास्त कमावणाऱ्याला. मग ५ मे ला रेंजर्सनी पहिल्या पाच मिनिटांत सहा मारामाऱ्या केल्या. दुसरं काय करायला हवं होतं त्यांनी? निवेदन काढून जाहीर टीका केली तर संघालाच अडीच लाख दंड झाला!

निळी_रेषा (१२.५५)

नाका, हे तर माझंच उदाहरण झालं. लीगने ३ मे ला बंदी घातली असती तर ५ मे ला गरजच नव्हती. आणि त्या सहा मारामाऱ्यांनी मिळवलं काय? त्याच मॅचमध्ये बुचनेविचने वॉशिंग्टनच्या अँथनी मँथाच्या तोंडावर काठी आडवी घातली आणि एका मॅचची बंदी त्याला बसली. ज्याच्यावर अन्याय झाला तोच बाहेर.

कॅल्क्युलेटर (दुपारी १.२०)

५,००० हा आकडा हवेतून आलेला नाही, लीग आणि खेळाडूंमधल्या कामगार करारातला आहे. दंडाला तिथे वरची मर्यादा घातलेली आहे. दंडाने कुणाला झोंबत नाही, झोंबते ती बंदी. पहिलटकराचा पगार मोसमाच्या दिवसांनी भागून कापतात. गेल्या अठरा महिन्यांत बंदी भोगलेली असेल तर ८२ मॅचने भागतात, म्हणजे प्रत्येक मॅच दुपटीहून महाग. हे पैसे खेळाडूंच्या मदतनिधीत जातात.

सुनावणी फोनवर झाली तर बंदी पाच मॅचपर्यंतच. सहा किंवा जास्त द्यायची असेल तर खेळाडूला प्रत्यक्ष येऊन बाजू मांडायची संधी द्यावी लागते. म्हणून 'प्रत्यक्ष सुनावणी' अशी बातमी आली की समजायचं, मोठी कुऱ्हाड. आणि हे सगळं बघणाऱ्या खात्याचा प्रमुख २०१७ पासून कोण? हाडवैद्यांच्या प्रतिसादातला स्ट्रेचरवरचा जॉर्ज पॅरोस.

मावळचा_गोलकीपर (२.०५)

कोड विरुद्ध लीग याची एकाच माणसावर झालेली चाचणी आहे. मॅट कुक, तोच २००४ चा.

७ मार्च २०१०, पिट्सबर्गकडून खेळताना त्याने बोस्टनच्या मार्क सव्हार्डच्या डोक्यावर आंधळ्या बाजूने घाव घातला. सव्हार्डची कारकीर्द पुढच्या वर्षी संपली. कुकला बंदी शून्य, कारण तेव्हा असा नियमच नव्हता. तो याच प्रसंगानंतर आला, नियम ४८. ११ दिवसांनी पुढची मॅच. बोस्टनच्या शॉन थॉर्नटनने सुरुवातीलाच कुकला गाठलं, मारामारी झाली, कोडप्रमाणे पावती फाटली. कुक सुधारला? फेब्रुवारी २०११ मध्ये चार मॅचची बंदी, मार्चमध्ये रायन मॅकडोनाच्या डोक्यात कोपर. आता मात्र लीगने मोसमाच्या उरलेल्या दहा मॅच आणि प्लेऑफची अख्खी पहिली फेरी काढून घेतली. पुढच्या मोसमात त्याची पेनल्टीची मिनिटं १२९ वरून ४४ वर आली, आणि १९ गोलही झाले.

आणि कोडचा पहारेकरी थॉर्नटन? ७ डिसेंबर २०१३ ला त्याने ब्रूक्स ऑर्पिकला मागून खाली खेचून बेशुद्ध होईपर्यंत मारलं, कारण ऑर्पिकने आधी आपल्या माणसाला धडक दिली होती आणि तो भिडायला तयार नव्हता. पंधरा मॅच.

टोरांटो_नाका (२.३०)

कुकचं उदाहरण तगडं आहे, नाकारत नाही. पण फोर नेशन्सचं काय? त्या तीन मारामाऱ्यांनी कुणाच्या मानेला धक्का लागला नाही, कुणाचा सूड नव्हता, आणि कधी न बघणाऱ्यांनी पुढची मॅच लावली. पाच दिवसांनी बोस्टनला फायनलमध्ये एकही मारामारी झाली नाही, कॅनडाने ओव्हरटाइममध्ये ३-२ जिंकली. खेळाडूंना कळतं कधी थांबायचं ते.

कॅल्क्युलेटर (२.४४)

फायनलमध्ये झाली नाही कारण तिथे पाच मिनिटांची किंमत होती. साखळी मॅचला मॅथ्यू कचकला पाच मिनिटं बसवणं परवडतं, कपासाठी नाही. स्टॅनली कप फायनलमध्ये इगिन्ला आणि लेकाव्हलिए २००४ ला भिडले ते आजही लोक सांगतात, कारण असं क्वचित होतं.

उत्तरेचा_यात्री (३.१०)

क्युबेकच्या ज्युनियर लीगने २०२३-२४ पासून मारामारी केली की थेट मॅचबाहेर केलं, प्रांताच्या सरकारने कान पिळल्यावर. ऑन्टॅरिओच्या लीगमध्ये तीन मारामाऱ्यांनंतर बंदी सुरू होते. या पोरांतूनच एनएचएलचे खेळाडू येतात. दहा वर्षांनी हा वाद घालायला मारामारी येणारे किती उरतील ते बघू.

खुसपटराव (३.२५)

एक शंका. कोचचे ते १०,००० एकदाच, की दर वेळी?

लाइन्समन_७७ (३.५०)

दर वेळी, आणि दुप्पट होत जातात. खेळाडूची बंदीही तशीच दुप्पट. मात्र ती मॅच संपल्यावर लीग व्हिडिओ बघते, आणि सूड किंवा संदेश द्यायचा हेतू नव्हता असं वाटलं तर बंदी आणि दंड दोन्ही मागे घेते.

पंचाला हात लावला तर मात्र वेगळं पुस्तक: इजा करण्याच्या हेतूने असेल तर वीस मॅच. कॅलगरीच्या डेनिस वाइडमनने २७ जानेवारी २०१६ ला डॉन हेंडरसन या लाइन्समनला मागून पाडलं, वीस मॅच मिळाल्या, कमिशनरने कायम केल्या. पुढे त्रयस्थ लवादाने दहावर आणल्या, पण निकाल लागेपर्यंत गड्याच्या एकोणीस मॅच भोगून झाल्या होत्या.

खुसपटराव (३.५३)

आपल्या कोर्टात असता तर तारीखच चालू असती अजून.